त्या नकाशाला मी हात लावणार नाही

३ ऑक्टोबर, सकाळी ७
‘विलोफर्डच्या माझ्या शेजाऱ्यांनो! आपल्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग संध्याकाळी पाचला कुलूप लावतो. सहाला छातीत कळ आली तर सत्तर मैल गाडी हाकत जायचं. हृदयाला घड्याळ कळतं का?’
भाषणाची सुरुवात जळजळीत झाली आहे. आरशासमोर म्हणून पाहिली. बायको, डार्लीन, आतून ओरडली की हृदयाचं राहू दे, अंडी थंड झाली.
सोळा वर्षं कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताच्या विधानसभेत आहे. पाचव्यांदाही येणारच. पण आयोगानं मतदारसंघाची हद्द नव्यानं आखली. मला न विचारता! तो नकाशा मी उघडणार नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

८ ऑक्टोबर
प्रचारप्रमुख ग्लॅडिस पुन्हा तोच नकाशा घेऊन आली. मी डोळे मिटले. म्हणाली, ओरेस्ट, निदान दक्षिणेच्या खाणकामगारांकडे तरी जा, त्यांनी तुझं तोंडही पाहिलेलं नाही. मी सुनावलं, सूर्य दारोदार फिरत नाही.

१४ ऑक्टोबर
चर्चमध्ये सुगीचं जेवण. टर्की, बटाटा भरलेल्या पिरोगी, कोबीचे रोल. अख्खं गाव हजर. मी तोफ डागली; टाळ्या थांबेनात. म्हातारी स्टेला हुकालो गळ्यात पडून रडली. म्हणाली, तुला मत द्यायची सवय झाली होती रे, आता चुकल्याचुकल्यासारखं होईल.
मंत्री होऊन मी राजधानीत राहणार, हे तिनं आत्ताच ताडलं! शहाणी बाई.

२० ऑक्टोबर
विलोफर्डचं दारन् दार वाजवलं. एक माणूस विरोधात नाही. गॅरेजवाला लायल म्हणाला, तुला शुभेच्छा बाबा, तिकडे काय ते जमव. आणि हसला. खवचट मेला.
संकल्प: उद्या दक्षिणेला जायचंच.

२१ ऑक्टोबर
बर्फ पडला. गेलो नाही. आयोगाचाच दोष.

२८ ऑक्टोबर, मतदान, सकाळी ९.१०
मतपत्रिकेवर माझं नाव नाही!! टेबलावर मूठ आपटली. कारस्थान, असं गरजलो. केंद्रप्रमुख मिसेस डोरोश. तिसरीत त्यांनीच मला शिकवलं. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, ओरेस्ट, आवाज खाली. आपलं गाव गेल्या वर्षीच शेजारच्या मतदारसंघात गेलं. तू उभा आहेस तो हायवेच्या दक्षिणेला. आम्हाला वाटलं, तू घरोघर निरोप घेत फिरतोयस.
मग मला कोणी सांगितलं का नाही?
रांगेतून लायल म्हणाला, तू कधी थांबलास रे बोलायचा?

२९ ऑक्टोबर
तिसरा आलो. खाणकामगार कृतघ्न आहेत. खोडलं. त्यांच्यावर मी कसले उपकार केले होते?
आज पाचला तातडीच्या विभागाला पुन्हा कुलूप लागलं. विलोफर्डच्या आमदार आता थेरेसा लाफाँ. त्यांच्या कार्यालयात फोन केला. माझं नाव दोनदा विचारलं, मग एकेक अक्षर सांगायला लावलं.
भाषण नव्यानं लिहिलं: ‘शेजाऱ्यांनो, राग माझा आहे, पण छाती तुमची आहे. ते कार्यालय उद्या नऊला उघडेल. प्रत्येक घरातून एक फोन करा आणि तातडीचा विभाग रात्रभर चालू ठेवायला सांगा. माझं नाव घेऊ नका. अर्धा वेळ त्यातच जातो.’