ज्ञानकोशाचा दुवा आणि आमच्या खुर्च्या

तीर्थस्वरूप वन्सं,

बोटांना शाई लागली आहे, तेवढी सांभाळून वाकून नमस्कार करते. तुमचे गुडघे आता जिना चढू देतात का? भावोजींचा कोरडा खोकला गेला, की अजून ते वर्तमानपत्राआडून खोकून तुमचं लक्ष वेधून घेतात? फोन सोडून पत्र का, असं म्हणाल. वन्सं, आमचं घर म्हणजे मागची खोली, आणि पुढच्या खोलीत तुमचे बंधुराज खुर्च्या विणत बसलेले. मध्ये एक पडदा. वेत विणताना आवाज होत नाही, त्यामुळे त्यांना सगळं ऐकू येतं (विषय त्यांचा असला की जरा जास्तच). कागदावर काय चाललंय ते निदान पडद्यापलीकडे जात नाही. त्यांना मी वीजमंडळाला तक्रार लिहितेय असं सांगितलं आहे.

इकडे सर्व ठीक आहे असं लिहायचं असतं, म्हणून लिहिलं. खरं सांगायचं तर गेले काही महिने माझं बूड एका जागी टेकलेलं नाही, आणि खुर्च्यांच्या दुकानात राहणाऱ्या बाईने हे सांगावं यासारखी नामुष्की नाही. काम कमी झालं हो. वेताची बैठक फाटली की लोक खुर्चीच टाकून देतात. आमच्या कन्येने शिकायला परगावी जाण्याआधी दुकानाची वेबसाइट करून दिली होती. छान आहे. यांचा फोटो आहे, त्यात हे कोणी तरी पकडून आणल्यासारखे बघताहेत. पण ती वेबसाइट सापडायला तर हवी! सर्चमध्ये ‘खुर्ची विणून मिळेल’ असं टाकलं की पहिला येतो चौकातला प्लास्टिक फर्निचरवाला, ज्याने जन्मात काही विणलेलं नाही. त्याच्याखाली स्वेटर विणणारी एक बाई. मग पाठ ताठ कशी ठेवावी यावर एका डॉक्टरांचं व्याख्यान. आम्ही इतके खाली, की तिथवर पोचेपर्यंत माणूस नवी खुर्ची घेऊन तिच्यावर बसलेला असतो. भांडी घासता घासता मी हात पुसून बघायची, आपण वर सरकलो का. कपडे वाळत घालता घालता बघायची. एकदा तर बादली नळाखाली ठेवून बघत बसले आणि पाणी पडद्याखालून यांच्या पायांपर्यंत गेलं. हे पाय वर घेऊन विणत राहिले.

तरीही मी हातपाय हलवले नसते, पण एक दिवस हे इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडले. (लग्नाच्या वाढदिवसाला घालत नाहीत.) परत आले ते गप्प. म्हणजे नेहमीचं गप्प वेगळं, हे वेगळं. दोन दिवसांनी मी साबण आणायला गेले तेव्हा दुकानदाराकडून कळलं, की हे त्या चौकातल्या प्लास्टिकवाल्याकडे विक्रेत्याची जागा आहे का म्हणून विचारायला गेले होते. वन्सं, जो माणूस दवाखान्यात प्लास्टिकची खुर्ची दिसली तर ताप असताना उभा राहतो, तो तिथे जाऊन ‘जागा आहे का’ विचारतो! मी साबण न घेताच घरी आले. विचारायची हिंमत झाली नाही. त्यापेक्षा सल्लागार गाठला.

हे सल्लागार लाँड्रीच्या वरच्या माळ्यावर बसतात आणि वेबसाइटी वर चढवून देतात. त्यांची ऑफिसची फिरती खुर्ची आपोआप खाली बसत जाते, त्यामुळे मुद्द्याचं बोलेपर्यंत मला टेबलापलीकडे त्यांचं नुसतं कपाळ दिसत होतं. ते कपाळ म्हणालं, “वहिनी, तुम्हाला मोठ्यांचा दुवा पाहिजे.” मला वाटलं, कोणा वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद घ्यायचे आहेत. मी म्हटलं, सासरे तर गेले, आता कोणाचा दुवा घेऊ? तेव्हा त्यांनी खुर्ची वर घेऊन समजावलं, की दुवा म्हणजे लिंक. मोठ्या, लोकांचा विश्वास असलेल्या साइटने आपल्या साइटची लिंक दिली, की सर्चवाल्या यंत्राला वाटतं, अरे, हे कोणी तरी प्रतिष्ठित दिसतात, यांना पुढे बसवा. आणि सर्वांत मोठी साइट कोणती, तर तो फुकटचा ज्ञानकोश, ज्यात कोणीही जाऊन लिहू शकतं. कोणीही म्हणजे मीसुद्धा. हे ऐकल्यावर मी माळ्यावरून अशी उतरले की लाँड्रीवाल्याला वाटलं वर आग लागली.

ज्ञानकोशात ‘वेतकाम’ नावाचा लेख आहे. त्याच्या तळाशी मी आपल्या दुकानाची लिंक टाकली आणि सोबत ‘सर्वोत्कृष्ट’ असं लिहिलं (खोटं काय आहे त्यात?). चहा टाकून वळून बघते तर लिंक गायब. ‘निवांत कासव’ या नावाच्या कोणी तरी काढली होती आणि खाली शेरा होता, ‘कृपया जाहिरात करू नये.’ मला वाटलं चुकून झालं असेल. पुन्हा टाकली. पुन्हा गेली. नावात निवांत आणि कासव असूनही हा प्राणी विजेसारखा यायचा. मग मी युक्ती केली. ‘खुर्ची’ या लेखात टाकली. ‘बसणे’ या लेखात टाकली (असाही लेख आहे). ‘कंबरदुखी’, ‘राजसिंहासन’, आणि शेवटी निव्वळ इरेला पेटून ‘उभे राहणे’ या लेखातही टाकली. कासव सगळीकडे माझ्यामागे पुसत पुसत आलं आणि शेवटी त्याने ताकीद दिली, आता थांबला नाहीत तर लिहायचं बंद करण्यात येईल.

माझा पारा चढला. तिथे चर्चेचं एक पान असतं, त्यावर मी कासवाला असं काही सुनावलं की विचारू नका. तुम्हाला घरदार नाही का, दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन काय मिळतं, वगैरे. उत्तर आलं, आणि इतकं सभ्य आलं की मलाच ओशाळं वाटलं. कासवाने लिहिलं होतं, ‘ताई, हा ज्ञानकोश जाहिरातीचा फळा नाही, हा एक मुद्दा. दुसरं म्हणजे तुमची मेहनतही फुकट जात होती. इथून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक लिंकच्या पोटात एक अदृश्य सूचना असते, की सर्च यंत्राने ही आमची शिफारस समजू नये. लोकांनी नुसत्या क्रमांकासाठी लिंका खुपसू नयेत म्हणूनच ती सोय केली आहे.’ म्हणजे बघा, ज्याच्या ओळखीवर आपण मिरवायला निघालो, तो आधीच सगळ्यांना सांगून बसलाय की आमची यांची ओळख नाही!

मी तडक माळ्यावर. सल्लागारांना विचारलं, हे खरं का? खुर्ची खाली जाऊ लागली. म्हणाले, “सूचना असते तशी.” मग मला का नाही सांगितलंत? “पण वहिनी, ती नुसती सूचना आहे, हुकूम नाही. यंत्र मानेल, नाही मानणार. आतल्या गोष्टी कोणाला माहीत?” म्हणजे तुम्हालाही माहीत नाही? यावर कपाळही दिसेनासं झालं. (अगदीच खोटारडा माणूस नाही तो. पुढे चौकशी केली तेव्हा कळलं की नक्की किती फरक पडतो हे छातीठोकपणे कोणीच सांगत नाही. पण मग त्यानेही छाती ठोकायला नको होती.)

घरी येऊन बघते तर कासवाची आणखी एक ओळ आलेली. ‘तुमच्याकडे खरंच वेतकाम होत असेल, तर वेताच्या तिरक्या पट्ट्यांचा परिच्छेद तपासून द्याल का? तो चुकीचा असावा असं वाटतं.’ मी तो परिच्छेद पडद्याकडे तोंड करून मोठ्याने वाचला. त्यात लिहिलं होतं की दोन्ही दिशांच्या तिरक्या पट्ट्या एकसारख्याच घालाव्यात. पलीकडे भोकं मोकळी करायचा टोचा पडल्याचा आवाज आला आणि पडदा बाजूला झाला.

“कोणी लिहिलंय हे?”

मी म्हटलं, कोणी तरी. कोणीही लिहितं.

“एक उभ्या पट्टीखालून जाते, दुसरी उभ्या पट्टीवरून! सारख्या घातल्या तर वेताला वेत घासेल. वर्षभरात बैठक फाटेल. लिही. लिही म्हणतो ना!”

वन्सं, आमच्या लग्नापासून हे माझ्याशी एका दमात इतकं बोलले नव्हते. ती दुपार त्यांनी फेऱ्या मारत लेख सांगितला आणि मी टाइप केला. मध्येच येऊन माझ्या हाताला धरून दाखवायचे, पट्टी कशी ओढायची ते. मी म्हटलं, माझ्या बोटांची बैठक करताय का? तर हसले. हो, हसले. मी खात्री करून लिहितेय.

पण कासव ते कासवच. त्याने विचारलं, याला छापील आधार काय? मी लिहिलं, माझे यजमान. उत्तर आलं, ‘यजमान हा आधार धरता येत नाही.’ हे इतके चिडले की जेवताना ताटावरून उठले. मी जन्मभर विणतोय ते काय हवेत? शेवटी आम्ही दोघं मोठ्या वाचनालयात गेलो (आमची बाहेर एकत्र जायची ही कितवी वेळ ते विचारू नका) आणि हस्तव्यवसायांवरचं एक जाडजूड पुस्तक काढलं. तिरक्या पट्ट्यांबद्दल हे बरोबर होते. त्यांनी ते पान शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थांनाही दाखवलं. मग मी पान उलटलं. तिथे वेत भिजवण्याबद्दल होतं. थोडाच वेळ कोमट पाण्यात भिजवावा, रात्रभर ठेवल्यास काळवंडतो आणि ठिसूळ होतो. वन्सं, आमच्याकडे वेत रात्रभर भिजतो. कायम भिजत आलाय. आमच्या खुर्च्या जरा करड्या दिसतात, त्याला हे ‘आमच्या घराण्याचा रंग’ म्हणायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर वेताची बादली रिकामी पालथी घातलेली, आणि हे चहाबरोबर पट्ट्या भिजत घालताहेत. मी काही बोलले नाही. संसारात मीही थोडं शिकले आहे.

लेख सुधारला. कासवाने चित्रं मागितली, तेव्हा मी यांचे हात काम करताना फोटो काढून दिले. लिंक? ती नाहीच मिळाली. आजही मी सर्चमध्ये बघितलं, आम्ही स्वेटरवाल्या बाईच्या खालीच आहोत. पण झालं असं, की गेल्या आठवड्यात एका जुन्या नाट्यगृहाचे व्यवस्थापक आले. त्यांना प्रेक्षागृहातल्या वेताच्या खुर्च्या मोडीत काढायच्या की दुरुस्त करायच्या हे ठरवायचं होतं. म्हणून ते वेतकाम वाचत बसले होते. फोटो मोठा करून बघितला तर खाली फोटो देणारी म्हणून माझं नाव, आणि नावापुढे (मी आठवणीने टाकलं होतं) गाव आणि व्यवसाय. विचारत विचारत आले. यांनी विणलेल्या खुर्चीवर बसले, उठले, जड माणूस होते, पुन्हा धपकन बसले. खुर्ची हूं की चूं करेना. मग म्हणाले, “सगळ्या कराल का? पुढच्या हंगामाआधी हव्यात.” हे म्हणाले, “करू.” व्यवस्थापक गेल्यावर इस्त्रीचा शर्ट ज्या खुंटीवर होता तिथून यांनी तो काढला आणि खुर्च्या पुसायला घेतला. चांगला शर्ट होता हो. पण मी पुसू दिल्या.

तर वन्सं, दुव्याने क्रमांक वर जातो की नाही, या प्रश्नाचं माझं उत्तर विचाराल तर असं: त्या नादाला लागू नये. चार खरे शब्द लिहावेत, एक बरा फोटो लावावा आणि आपलं काम करत बसावं. मी आता सर्चमध्ये बघणं पूर्ण सोडलं आहे. मुलांना आशीर्वाद, भावोजींना नमस्कार सांगा, आणि गुडघ्यांना जपा.

तुमची धाकटी भावजय

ता. क. तुमच्या सूनबाई विद्यापीठाच्या वेबसाइटचं काम बघतात ना? तिथे कुठे कोपऱ्यात आमची एक लिंक बसली तर बघा. विद्यापीठाच्या लिंकेला म्हणे ती अदृश्य सूचना नसते. सहजच विचारलं.

दुसरा ता. क. वरचं सगळं रामायण बाजूला ठेवा, पत्र लिहायचं कारण हे आहे. नाट्यगृहाच्या खुर्च्या एका माणसाच्या आवाक्यातल्या नाहीत. यांच्या उजव्या अंगठ्याचा सांधा सुजतो, पट्टी ओढताना दात आवळतात, मला पडद्याच्या फटीतून दिसतं. बाहेरचा कारागीर ठेवा म्हटलं तर ऐकत नाहीत. सासरे मला एकदा म्हणाले होते, “हात पोरीचा चांगला होता, दुकान पोराला दिलं.” पोरगी म्हणजे तुम्ही. तुम्ही दोघं भावंडं बोलत का नाही हे मला धड कोणी सांगितलेलं नाही, आणि आता मला ते ऐकायचंही नाही. बसून करायचं काम आहे, गुडघ्यांना त्रास नाही. हंगाम सुरू होईपर्यंत याल का? मागच्या खोलीत तुमची गादी मी उन्हात घालून ठेवली आहे. यांना यातलं काही माहीत नाही.

तिसरा ता. क. पाकीट आणायला गेले तेवढ्यात यांनी पत्र वाचलं. वीजमंडळाला एवढं काय लिहितेय म्हणून. पत्राची घडी घालून माझ्या हातात दिली. मग पडद्यामागे गेले आणि तिथूनच म्हणाले, “तिला लिही, येताना आपला टोचा घेऊन ये म्हणावं. माझा मिळणार नाही.”