शंकरच्या वाटणीची आंबील

प्रिय शंकर,

हे पत्र तुझ्याआधी तुरुंगातले साहेब वाचतील. वाचू देत. यात कट नाही, आंबील आहे.

सभेतून तुला पकडून नेलं, तेव्हापासून अव्वा तुझ्या वाटणीची आंबील रोज बाजूला काढायची. अन्न टाकायचं नाही हा आपल्या घरचा नेम, म्हणून दुसऱ्या दिवशी ती मी प्यायची, नाकाला झोंबेल इतकी आंबट. सोलापूरच्या उन्हाळ्यात तेही जमेना. मग अव्वा चनबसप्पा मामांच्या औषधाच्या दुकानात गेली. गल्लीत फ्रिज तेवढाच. "इंजेक्शनाशेजारी आंबील? तपासणीला कुणी आलं तर काय सांगू, निंगव्वा?" मामा कुरकुरले. "माझ्या लेकाचं औषध हाय म्हणून सांगा की," अव्वा म्हणाली.

पहिली बरणी मी भरली, काचेची, काठोकाठ. बर्फाच्या कप्प्यात ठेवली, सकाळी तडकलेली. पाणी गोठलं की फुगतं, हे शाळेत शिकवणारी मीच. "लई पुस्तकं वाचलीस," एवढंच म्हणून अव्वानं स्टीलचा डबा घेतला आणि चार बोटं रिकामा ठेवला. दर सोमवारी ती ताजा डबा ठेवायची, जुना वितळवून मला पाजायची. वितळलेलं पुन्हा गोठवू द्यायची नाही.

माझ्या भाषणांना बंदी, म्हणून मी घरात बोलायची. माफीनाम्यावर भीतीनं केलेली सही हीच खरी बेडी, असं तिला रोज ऐकवायची. ती पीठ कालवत ऐकायची. एकदा म्हणाली, "तू बोल. वाट मी बघते."

गेल्या सोमवारी डबा ठेवून आली, उंबऱ्यावर टेकली, ती उठलीच नाही. शंकर, अव्वा गेली. आम्ही तिला माती दिली. तार केली होती. ती तुझ्या हाती दिली की नाही, ठाऊक नाही. काल एक अधिकारी येऊन सांगून गेला, पुन्हा सभा घेणार नाही असं भावानं लिहून दिलं तर आठवडाभर घरी सोडू. तो कागद तुझ्यापुढे येईल. सही करायची की नाही, तुझं तू ठरव. आज मी भाषण करणार नाही. फक्त तिच्या हातची शेवटची आंबील राहिलीय, एवढ्यासाठी करू नकोस. वीज गेली की मामा भुशातली बर्फाची लादी आणून डब्याभोवती रचतात, मी शेजारी बसते. तू कधीही ये. डबा गोठलेलाच असेल.

तुझीच अक्का,
गुरम्मा