सेनोपतीची पिसं

७ जुलै
काल बाबांना जाऊन चाळीस दिवस झाले. प्रार्थना आटोपल्यावर सगळी वस्ती जेवणाचे डबे घेऊन गेली. मार्दीने दोन नेले. एक म्हणे म्हाताऱ्या आईसाठी. लक्षात ठेवलं आहे.

मार्दी समोर राहतो. मे महिन्यात गाणाऱ्या पक्ष्यांच्या स्पर्धेत त्याच्या शामा पक्ष्याने बाबांच्या सेनोपतीला हरवलं, आणि आठव्या दिवशी बाबा गेले. डॉक्टर म्हणतात छाती, तीस वर्षं लवंगी सिगरेट. डॉक्टरांना पक्ष्यांतलं काय कळतं?

प्लॅन : १७ ऑगस्टच्या स्पर्धेत मार्दीला सेनोपतीकडून सगळ्यांसमोर रडवायचं. मला स्वतःला रडायला वेळ नाही.

८ जुलै, सकाळी ९
सेनोपतीचं शेड्यूल पहाटे पाचपासून. अंघोळ, ऊन, खायला दहा रातकिडे. उद्यापासून.

१५ जुलै
सेनोपती गात नाही. माझ्यासारखाच आतून पेटलाय. रागाने पिसं टाकतो.

२२ जुलै
मार्दी कुंपणाशी आला. म्हणाला, बाळा, त्याचा पिसं झाडायचा काळ आहे, दोन-तीन महिने पिंजऱ्यावर कापड टाक, निवांत राहू दे, स्पर्धा कुठे पळून जाते? म्हणजे घाबरला. मुंग्यांची अंडीही देऊन गेला. फेकणारच होतो, पण सेनोपतीने खाल्ली. फितूर.

आई म्हणाली, मार्दी काय मार्दी, काका म्हण. जनाज्याला पुढून खांदा कोणी दिला होता? आई भोळी आहे.

३ ऑगस्ट
शेपूट गळाली. वजन कमी, आवाज जास्त. शास्त्रच आहे.

प्लॅन दोन : मार्दीच्या पिंजऱ्यावर मांजर सोडणे. गल्लीतल्या बोक्याला तीन दिवस मासळी चारली. आता तो माझ्याच उशाशी झोपतो.

१७ ऑगस्ट
पिंजरे टांगले. मालकांनी दोरीबाहेर उभं राहायचं, तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. मार्दीचा पक्षी गात सुटलाच. सेनोपती गोळा होऊन बसला. एका जजने विचारलं, ही कोंबडी कुणाची?

मग सेनोपतीने चोच उघडली आणि खोकला. दोनदा छोटं, एकदा लांब, शेवटी घसा खाकरला. पहिली सिगरेट झाली की बाबा ओट्यावर असेच खोकायचे.

मी दोरी ओलांडून पळालो. ‘बाबा’ म्हणून ओरडलो, असं लोक म्हणतात. मला आठवत नाही. बाद.

मार्दीने आपला पिंजरा उतरवला, पहिला नंबर हातात आलेला असताना. म्हणाला, अरे, हा तर तुझा बाप बोलला! आणि हुंदके देऊन रडला. सगळ्यांसमोर. म्हणजे प्लॅन यशस्वी, असं धरायला हरकत नाही.

१८ ऑगस्ट
सकाळी सेनोपती ओट्यावर खोकला. आतून आई म्हणाली, आणते हो आल्याचं पाणी. घेऊनही आली. मग पेला धरून उभीच राहिली. शेवटी मी प्यायलो. साखर नव्हती. बाबांना नको असायची.

पिंजऱ्यावर कापड टाकलं. मार्दीकाकांकडे गेलो. विचारलं, नवी पिसं येऊन गायला लागला की तो खोकला विसरेल का?

काका म्हणाले, ठाऊक नाही रे.