लाल चिठ्ठ्या आणि वाकडे खिळे

३ तारीख, सोमवार. सकाळी ८.४०
आजपासून सासऱ्यांच्या बांधकाम कंपनीत लीन, म्हणजे अडचणी आधीच उघड करून वेळ आणि माल वाचवायची जपानी पद्धत. तीन दिवसांचा कोर्स केलेला इथे मी एकटाच. साइट ऑफिसच्या भिंतीवर बोर्ड लावला. आठवड्याचं काम पिवळ्या चिठ्ठीवर लिहायचं, अडचण लाल चिठ्ठीवर. अडचण सांगणाऱ्याला कोणी एक शब्द बोलणार नाही, असं मी स्वतः जाहीर केलं. मुकादम, सुतार, प्लंबर, तिघांचेही चेहरे मख्ख. तिघे एका सुरात म्हणाले, होईल साहेब. वीस वर्षं एकाच कंपनीत काढली की डोक्याला असा गंज चढतो.
सासऱ्यांचा शब्द आहे, पाचव्या मजल्याचा स्लॅब २२ तारखेला टाकून झाला की कंपनी माझ्या हातात.

५, बुधवार
लाल चिठ्ठ्या शून्य. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, लावतंय कोण? मीटिंगमध्ये 'होणार नाही' म्हणणाऱ्याला बाबा गोदामात खिळे सरळ करायला बसवायचे, विसरलास? (फळ्यांतून उपटलेले वाकडे खिळे. पिंपभर.) मी म्हणालो, तो काळ गेला. हिला मॅनेजमेंटमधलं काय कळतंय. वर विचारते, बाबांना तू तरी कधी नाही म्हणालायस का. विषय बदलला.

११, मंगळवार
पहिली लाल चिठ्ठी. प्लंबरची. 'बाथरूमच्या जागा बदलल्यात असं कळतं. नवीन ड्रॉइंग मिळाल्याशिवाय स्लॅब टाकू नये.' टाकू नये म्हणे. मला शिकवतोय. अडचण सांगायला माझी हरकत नाही, पण भाषा उद्धट होती. शिवाय नवीन ड्रॉइंग आठवडाभर सासऱ्यांच्या टेबलावर सहीसाठी पडलंय. त्यांना घाई करा म्हणायची ही वेळ नव्हे.
प्लंबरला गोदामात पाठवलं. शिक्षा नाही, चिंतन. हात रिकामे नकोत म्हणून खिळे.

१७, सोमवार
लाल: शून्य. प्लंबरच्या जोडीदाराने जुन्या ड्रॉइंगवरून पाइपांची भोकं सोडायला घेतली. मुकादमाला मुद्दाम विचारलं, काही अडचण? तो म्हणाला, तुम्ही असताना कसली अडचण साहेब. माणसं विश्वास टाकायला लागलीत.

२२, शनिवार. दुपारी ४
स्लॅब झाला. ठरल्या दिवशी. सासरे खुर्ची टाकून बसले होते. मला 'हं' म्हणाले. त्यांच्या तोंडून हे फार झालं. नव्या व्हिजिटिंग कार्डासाठी कागद निवडला. जाड.

२६, बुधवार
ड्रॉइंग सही होऊन आलं. पाचव्या मजल्यावर फ्लॅट सहा. सहाही ठिकाणी संडासाच्या पाइपचं भोक हॉलच्या मधोमध, म्हणजे सोफ्याच्या जागी.
सगळ्यांना उभं करून विचारलं, हे कोणाला माहीत होतं? सगळ्यांना. सुतारालासुद्धा. मग बोलला का नाहीत? सगळे बोर्डाकडे बघत राहिले. असल्या मेंढरांना घेऊन लीन करायचं म्हणजे डोकेफोड. संताप झाला. खरं सांगायचं तर भीतीही वाटली.

२७, गुरुवार
सासऱ्यांनी बोलावलं. ड्रॉइंग तीन आठवडे तुमच्याच टेबलावर होतं, हे वाक्य जिन्यात चार वेळा म्हणून पाहिलं. आत गेलो. ते म्हणाले, काही दिवस गोदामाकडे बघ. काही अडचण?
मी म्हणालो, नाही, काहीच नाही.
घरी बायकोने विचारलं, सांगितलंस का त्यांना? योग्य वेळी सांगणार आहे.

२८, शुक्रवार
गोदाम. पिंपापाशी प्लंबर बसलेला. त्याला परत बोलवायचं माझ्याकडून राहूनच गेलं होतं. त्याने एक स्टूल आणि हातोडी पुढे सरकवली. दुपारपर्यंत एकवीस खिळे सरळ केले. त्यातले चौदा त्याने परत पिंपात टाकले.
कामाची पद्धत फारच जुनाट आहे. इथे लीनला भरपूर वाव आहे. सोमवारी या भिंतीवर एक बोर्ड लावायचा, असं त्याला सांगितलं.
तो म्हणाला, होईल साहेब.