दहा आठवड्यांपूर्वी संपलेला सामना

सिस्टर, तुमच्या गावचा क्लब जिंकला. अख्ख्या आयर्लंडच्या लीगमध्ये पहिला आला. ही बातमी तुम्हाला कोणीतरी कळवायला हवी होती, पण कळवणार कोण? तुमच्या मठात आता तुम्हाला ओळखणारं कोणी उरलेलं नाही. तुमचा भाऊ तुमच्याही आधी गेला. आणि ज्या चाळीस मुलींना तुम्ही दर गुरुवारी या कामाला जुंपलं होतंत, त्यांतल्या निम्म्या आता गुडघे बदलून बसल्या आहेत. राहता राहिले मी. तुमचा गुरुवार जिने मोडला तिनेच तुम्हाला हे सांगायचं. देवाला विनोद कळतो असं तुम्ही म्हणायचात. मी देव मानत नाही, पण विनोद मला कळतो.

मी जर्मनीत बॉबलिंगेनला असते. यांची इथल्या मोटारींच्या कारखान्यात नोकरी होती आणि मी इथल्या पोस्टात टपालाची वर्गवारी करण्याच्या हॉलमध्ये एकतीस वर्षं काढली. आता दोघांनाही रेंटे, म्हणजे पेन्शन, मिळते आणि दोघंही एकमेकांच्या पायांत येतो. फुटबॉलचा मला आयुष्यभर तिटकारा. या देशात शनिवारी दुपारी माणसांच्या डोक्यात चेंडूशिवाय काही नसतं, आणि हेही त्यांतलेच झालेले. पण मार्चमध्ये आमची नात आली, तिने माझ्यासमोर टॅबलेट ठेवला. ती तेरा वर्षांची आहे, इथल्या फेराइनच्या, गावच्या क्लबच्या, मुलींच्या संघात गोलकीपर आहे, तिला मराठी सगळं समजतं आणि उत्तर मात्र जर्मनमध्ये देते. "आजी, वास झुखस्ट दू?" म्हणाली. काय शोधायचंय. मी वालाच्या बिरड्याची कृती सांगणार होते, पण तोंडातून तुमच्या गावाचं नाव निघालं. तुमच्या भावाच्या हस्ताक्षरात ते मी इतक्या वेळा वाचलं होतं की स्पेलिंगसुद्धा चुकलं नाही. आणि सिस्टर, पहिलं जे आलं ते तुमचं चर्च नव्हतं, तो क्लब होता. मला वाटलं होतं, तो कधीच संपला असेल. दोन वर्षांपूर्वी खरोखरच बंद पडायला आला होता म्हणे. गावातल्या लोकांनी स्वतः खुर्च्या रंगवून, गवत कापून तो चालू ठेवला. मला पहिल्यांदा रागच आला. एवढी चिवट माणसं असतील तर त्यांनी तुमच्या हयातीत जरा हातपाय हलवायला काय झालं होतं?

गुरुवारचं तुम्हाला आठवतं का? आठवीचा वर्ग, शेवटचा तास गणिताचा. घंटेच्या तीन मिनिटं आधी तुम्ही खडू ठेवता, हात झटकता आणि म्हणता, "मुलींनो, उभ्या राहा. माझ्या स्पेशल इंटेन्शनसाठी." प्रार्थना कशासाठी करायची, ते इंटेन्शन काय, हे कधीच सांगत नाही. मुली डोळे मिटतात. कोणी म्हणते सिस्टरची आई अंथरुणाला खिळली आहे, कोणी म्हणते भाऊ तुरुंगात आहे, आणि मागच्या बाकावरची एक छातीठोकपणे सांगते की लग्न ठरलेला एक सोल्जर होता. ती तर रडायचीसुद्धा. माझे वडील काहीच वर्षांपूर्वी बौद्ध झालेले, रेल्वेच्या यार्डात फिटर. मला शाळेत घालताना त्यांनी तुम्हाला तोंडावर सांगितलं होतं, "माझी मुलगी प्रार्थना करणार नाही." तुम्ही म्हणालात, "उभी राहील ना? मग बास." तुमच्या मराठीत एवढंच सामान होतं, पण त्या दिवशी ते पुरलं. वडील घरी जाताना म्हणाले, बाई सरळ आहे. म्हणून मी उभी राहायचे. डोळे उघडे ठेवून, आणि उघड्या डोळ्यांना दिसायचं ते दिसत होतं. घंटा झाली की तुम्ही थेट स्टाफरूममध्ये जायचात, कपाटातून भावाने पाठवलेल्या वर्तमानपत्राची एक गुंडाळी काढायचात, आणि ते शेवटच्या पानाकडून उघडायचात. दर आठवड्याला एकच. दोन-तीन एकदम आलेल्या असल्या तरी तारखेप्रमाणे एकच.

ते टपाल पोस्टातून आणायचं काम माझं होतं. त्या वर्षी जुलैमध्ये तीन गुंडाळ्या एकत्र आल्या आणि मी वाटेत शेवटचीचं वेष्टन फाडलं. ज्या गोष्टीसाठी इथे माणसाची नोकरी जाते, ती मी तेराव्या वर्षी एका निंबाच्या झाडाखाली बसून केली. शेवटच्या पानावर एका बातमीभोवती तुमच्या भावाने पेन्सिलने गोल केला होता आणि बाजूला लिहिलं होतं, "याही वर्षी नाही." शेवटच्या सामन्यात हरले होते, एका गुणाने दुसरे आले होते. तारीख एप्रिलची. जहाजाने यायला दहा आठवडे लागले होते. मी वेष्टन पुन्हा नीट चिकटवलं आणि गुरुवारची वाट पाहिली. तुम्ही खडू ठेवलात, हात झटकलात, आणि मी हात वर केला. "सिस्टर, ते संपलंय. तुमचा क्लब हरला. एप्रिलमध्ये."

वर्गात आधी कोणाला काही कळलं नाही. मग कोणीतरी विचारलं, "कुठला क्लब?" आणि मी सांगितलं. चाळीस मुली हसल्या, सिस्टर. सोल्जरसाठी रडणारी तर सगळ्यांत मोठ्याने. तुम्ही खुर्चीवर बसलात. वर्गात बसलेलं तुम्हाला आम्ही त्याआधी पाहिलं नव्हतं. मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं, पण मला मुद्दा सिद्ध करायचा होता. "सामना होऊन दहा आठवडे झाले. आता प्रार्थना करून काय उपयोग?" तुम्ही म्हणालात, "देवाला कॅलेंडर नाही. तुला आहे." घंटा झाली. व्हरांड्यात तुम्ही मला थांबवलंत. मी छडीच्या तयारीने हात पुढे केला होता. तुम्ही हाताकडे पाहिलंत आणि म्हणालात, "तुझं बरोबर आहे. तुझं नेहमी बरोबरच असतं." मग वळता वळता, "बिचारी."

छडी मारली असतीत तर मी दिवाळीपर्यंत विसरले असते. तो शब्द मी पन्नास वर्षं बाळगला. बिचारी? मी? वर्गात पहिली येणारी, खरं बोलणारी? मॅट्रिकला गणितात शाळेत सर्वांत जास्त गुण मिळाले तेव्हा तुम्हाला दाखवलं की नाही? जर्मन येत नव्हतं तरी इथल्या पहाटेच्या पाळीत चार महिन्यांत सगळे पिनकोड तोंडपाठ करून दाखवले. दर वेळी कुठेतरी मनात तुम्ही समोर असायचात, आणि मी म्हणायचे, कोण बिचारी? त्या गुरुवारनंतर तुम्ही आम्हाला कधी उभं केलं नाहीत. खडू ठेवल्यापासून घंटेपर्यंत वर्ग नुसता बसून राहायचा, आणि तुम्ही खिडकीतून बाहेर पाहायचात. मला मात्र शनिवारी जादा गणित शिकवायचं सोडलं नाहीत, आवाजही चढवला नाहीत. याचासुद्धा मला राग यायचा.

तर यंदाचा सीझन. तिथे सामने शुक्रवारी संध्याकाळी असतात, आणि पहाटेच्या पाळीची सवय असल्यामुळे मी नऊला झोपते. मी शनिवारी सकाळी निकाल बघायचे. यांनी आधी माझी भरपूर थट्टा केली. "अगं, ही कसली लीग? यांचा लेफ्ट बॅक सोमवारी शाळेत शिकवायला जातो!" मी म्हटलं, "मग? तुमच्या करोडपतींनी एक दिवस शाळा चालवून दाखवावी." पण मे महिन्यापर्यंत हेच शुक्रवारी गुपचूप बघायला लागले, आणि यांच्या पोटात काही राहत नाही. क्लब जिंकला की सकाळी स्वतः चहा करायचे, हरला की न सांगता भांडी जागेवर लावायचे. मी बिछान्यातून आवाजावरूनच निकाल ओळखायला लागले. शेवटी मी फर्मान काढलं, "शनिवारी उठल्या उठल्या पाव आणायला जायचं. लांबच्या बेकरीत." बिचारे जायचे. हो, मीसुद्धा हा शब्द वापरते.

आणि त्या वेळात, हे पावाला गेलेले, टॅबलेट टेबलावर पालथा, मला हळूहळू काहीतरी कळायला लागलं. कोणी सांगून पटलं नसतं असं. सामना काल रात्री संपलेला आहे. गोल झालेत किंवा नाहीत. त्या गावातली माणसं आनंदात किंवा दुःखात झोपून उठलीसुद्धा आहेत. आणि तरी माझ्यासाठी अजून काहीच झालेलं नाही. एकतीस वर्षं माझ्या हातांतून बंद पाकिटं गेली. कोणाची बायको गेलेली, कोणाला नातू झालेला, सगळं आत ठरलेलं. मी पिनकोड वाचून ती पुढे सरकवली. त्यांची कोणीतरी वाट बघतंय हे माझ्या डोक्यात यायचं, पण वाट बघणं म्हणजे काय ते नाही. ते मला पासष्टीनंतर, एका अनोळखी देशातल्या अकरा पोरांपायी कळलं. तुम्ही एक बाई, विशीत घर सोडलेलं, परत जायचं नाही हे माहीत असलेलं. आमच्या जंक्शनच्या गावात तुमच्या क्लबचं नाव घेतलं तर समजणारं एक माणूस नाही. आणि चाळीस वर्षं तुम्ही दहा आठवडे मागे राहून एकेक गुंडाळी एकेका गुरुवारी उघडत होतात. कपाटात पुढच्या असताना हात लावत नव्हतात. केवढी ताकद हो, सिस्टर. मला तर एक सकाळ धड काढता येत नव्हती.

ऑक्टोबरच्या शेवटी शेवटचा सामना आला. तुमच्याच मैदानावर, दुसऱ्या नंबरच्या संघाशी. जो जिंकेल तो चॅम्पियन. नातीने कुठूनतरी थेट दाखवणारी लिंक शोधली होती. "आजी, लाइव्ह! बिट्टे, प्लीज!" यांनीही मनधरणी केली. मी नऊला झोपायला गेले. झोप लागली नाही, पण गेले. सकाळी हे पावाला गेले. मी स्वयंपाकघरात घड्याळासमोर उभी राहिले. तीन मिनिटं. वडिलांची माफी मागून सांगते, मी कोणाकडे काही मागितलं नाही. मला नुसतं हवं होतं, सगळ्या अंगाने हवं होतं. तुम्ही त्याला काय म्हणायचात ते तुमचं तुम्हाला.

तेवढ्यात नात आली. तिचा अकराला सामना होता, खांद्यावर बॅग. "आजी, वास माख्स्ट दू दा?" काय करतेयस तिथे.

"उभी आहे."

"वारूम?" का म्हणून.

"गप्प. दीड मिनिट राहिलंय."

तिने टॅबलेटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग मराठीत बोलली, तिला हवं असलं की येतं. "पण आजी, मॅच तर काल संपली."

"गेनाऊ," मी म्हटलं. अगदी बरोबर. "म्हणूनच."

तिने बॅग खाली ठेवली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. गोलकीपरला बहुतेक हे समजत असावं.

दोन शून्य, सिस्टर. दोन्ही गोल दुसऱ्या हाफमध्ये. नातीने किंकाळी फोडली, खालच्या मजल्यावरच्या म्हातारीने छताला झाडू ठोकला, तिला मी खिडकीतून जे ऐकवायचं ते ऐकवलं. मग आम्ही फोटो बघत बसलो. सगळं गाव मैदानात उतरलं होतं. बाप पोरांना खांद्यावर घेऊन, बायका नाइटगाऊनवर कोट घालून. एक म्हातारा मात्र जागचा हललेला नव्हता. कठड्याला धरून, टोपी छातीशी घेऊन, मोकळ्या गोलकडे बघत होता. वयाने तुमच्या भावापेक्षा लहानच असेल, पण हात तसेच वाटले, पेन्सिल धरणारे. हे लांबच्या बेकरीतून आले, आमच्याकडे बघितलं आणि थेट चहा ठेवायला गेले. मी रडत होते असं नात तिच्या आईला सांगते. तिचं तिने बघावं.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. ज्या पत्राचा धनी मिळत नाही ते शेवटी कोणीतरी परका माणूस उघडून वाचतो, आणि तुमच्या बाबतीत तेवढं मी एकदा केलेलं पुरे.

एक राहिलं. त्या गुरुवारी मी खरं बोलले, हे मी पन्नास वर्षं सांगत आले. यांना सांगितलं, मुलांना सांगितलं, कामावरच्या जर्मन बायकांनासुद्धा सांगितलं. खरं बोलल्याबद्दल एका ननने माझी कीव केली म्हणून. पण त्याआधीच्या सोमवारी मी त्या गुंडाळ्या आणून दिल्या, तेव्हा त्यांवरची पोस्टाची तिकिटं तुम्ही पुढच्या बाकावरच्या मुलीला दिली होतीत, तिच्या तिकिटांच्या वहीसाठी. टपाल उन्हातून मी आणत होते. तिकिटं मला हवी होती, आणि गुरुवारी माझा हात वर गेला तो त्या रागाने. मी मागितली असती तर तुम्ही दिली असतीत, हेसुद्धा मला तेव्हाच माहीत होतं.