प्रमोदिनीचं टिपरू आणि बाकीची इस्टेट

मी, चंद्रहास शंकर खरवंडीकर, राहणार जॉन्सनव्हिल, वेलिंग्टन, व्यवसाय छपराचे पत्रे व पन्हळी दुरुस्ती, शुद्धीवर आहे आणि खुशीतही आहे. पुढच्या आठवड्यात हृदयाचं ऑपरेशन, म्हणून हे लिहितो. दडपण कोणाचंही नाही; प्रमोदिनीचं आहे ते लग्नापासूनचं. आधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहतं घर पत्नी प्रमोदिनीस, तिच्यानंतर मुलगा समीर यास. छप्पर गळत नाही. गळलं तर मला वरूनही ऐकू येईल.

२. शिडी व हत्यारं नात इरा हिला. विचारलं तेव्हा "स्वीट ॲज, आजोबा!" म्हणाली, म्हणजे इथल्या बोलीत 'झकास'. जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून शिडीवर चढल्यास हक्क संपला.

३. ढोल आमच्या गणपती पथकास. टिपरू देता येत नाही, ते पोलिसांकडे आहे. शेजारच्या सिओनेला त्यांनी भलताच माणूस समजून जमिनीवर दाबलं, त्याचा हात मोडला. जाब विचारायला मोर्चा निघाला, त्यात आमचं पथकही गेलं. मी भोंग्यावर ओरडलो, "हू इज अकाउंटेबल?" आणि पथक सवयीने गरजलं, "मोरया!" सिओनेच्या आईने ते उचललं, मग अख्ख्या मोर्च्याने. एका पोलिसाने प्रमोदिनीच्या हातातलं टिपरू हत्यार म्हणून जप्त केलं. "बाळा, ढोल वाजवायचं आहे रे ते," असं तिने त्याला इंग्रजीत समजावलं, तर तिलाच संध्याकाळपर्यंत कोठडीत बसवलं. आरोप नाही, माफीही नाही. (चौकीचं नाव वकिलाने खोडलं.)

४. त्याबद्दलची आमची तक्रार. पोलीस म्हणतात, टिपरू घ्या आणि तक्रार मिटली म्हणून सही करा. समीर म्हणतो, "बाबा, सोडा ना! नवीन टिपरू आणतो." प्रमोदिनी म्हणते, "काठी नको मला. 'चुकलो' म्हणू दे त्यांना." मी ऑपरेशनमधून उठलो नाही तर समीर तिला सही करायला लावेल, ही एकच धास्ती आहे. तसं झाल्यास घर त्याला न मिळता पथकाला मिळावं. दिवाणखान्यात सराव करावा.

५. दुरुस्ती. वरचं लिहून होतंय तोच गराजमधून ढोल ऐकू आला. दाराशी गेलो. समीर एकटाच, टिपरू नाही म्हणून कालथ्याने वाजवत होता. मधेच हळूच, "हू इज अकाउंटेबल?" आणि स्वतःच, "मोरया."

"समीर, थापी उशिरा पडतेय."

"बाबा! झोपा ना तुम्ही! शनिवारी पुन्हा मोर्चा आहे, माफी मिळेपर्यंत आई वाजवणार नाही म्हणाली, मग कोण वाजवणार?"

सबब कलम ४ मधली धमकी रद्द. तक्रार, माफी मिळेपर्यंत, समीरच्या स्वाधीन. कालथाही त्याला देणार होतो, पण प्रमोदिनी म्हणते तो पोह्यांना लागतो, शनिवारनंतर परत हवा. पोलिसांनी तो जप्त केल्यास समीरने दुसरी तक्रार करावी.

दोन्ही साक्षीदारांसमक्ष, हसू आवरून, सही केली.

चंद्रहास शंकर खरवंडीकर

साक्षीदार:
१. विनया पटवर्धन, नर्स. (ठेका तिलाही चुकल्यासारखा वाटला.)
२. लोसा, सिओनेची आई.

जॉन्सनव्हिल, दि. ९ ऑक्टोबर २०२५