दाजींचा कान

निपाणी, सोमवार

तीर्थरूप आईच्या पायी परशरामचा नमस्कार.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला इथूनच पुण्याला जायचंय, म्हणून लिहितोय. तेजूचं लग्न छान झालं. तुझा गुडघा कसा आहे?

साखरपुड्यात व्याही भरमाण्णांनी ‘विधवेनं ओवाळू नये’ म्हणत तुझ्या हातून ताट काढून घेतलं, म्हणून तू लग्नाला आली नाहीस. ते माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं.

कानपिळीला मी दाजींचा कान धरला तो सोडलाच नाही. सगळे हसत होते.

“सोडा की पाव्हणं, अंगठी घ्या,” भरमाण्णा म्हणाले.

“अंगठी नको. मांडवपरतणीला आमची आईच ओवाळंल, एवढं सगळ्यांसमोर म्हणा.”

हसणं थांबलं. दाजी वडिलांकडे बघत कळवळले, “आप्पा, म्हणा की लवकर.”

भरमाण्णांनी खाली बघत म्हटलं. मला लई बरं वाटलं.

दाजींचा यात काहीच दोष नव्हता. हे कळत असूनही मी पीळ वाढवत होतो. निघताना तेजू माझ्याशी बोलली नाही. तिचं बरोबरच आहे.

गुरुवारी मांडवपरतणीला सगळे आपल्या घरी येतील. भरमाण्णांनाही मी मुद्दाम बोलावलंय. जोडप्याला ओवाळून झालं की त्यांनाही ओवाळ, अगदी सावकाश.

तुझाच,
परशराम